मायकेल फॅरडे व क्षणभर हललेली सुई



गेल्या पावसाळ्यांत आमच्या विज्ञानमंडळाच्या बैठकींत एक लहानसा प्रसंग घडला. नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें घरीं बंद पडलेला मोबाइलचा चार्जर आणला, आणि त्याचें कवच काढून तो आमच्या टेबलावर ठेवला. आंत चिंचोक्याहून थोडें मोठें, पिवळ्या फितीनें गुंडाळलेलें तारेचें एक वेटोळें होतें. त्याकडे बोट दाखवून त्यानें आम्हांस प्रश्न केला. भिंतींतील वीज २३० व्होल्टची, मोबाइलला पाहिजे ५ व्होल्टची. असें असतां हें इवलेंसें यंत्र आंत आलेली वीज सेकंदाला हजारों वेळां तोडतें आणि जोडतें, असें त्यानें कोठेंसें वाचलें होतें. वीज तोडल्यानें वीज मिळते हें कसें, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याच वेळीं तासाची घंटा झाली. हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असें सांगून आम्हीं त्यास वाटेला लावलें. उत्तर खोटें नव्हतें. परंतु शिक्षकाला शोभेल असेंहि तें नव्हतें, आणि पुढें कित्येक दिवस तें आमच्या मनाला टोंचत राहिलें.

त्या मुलाच्या प्रश्नाचें मूळ उत्तर सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं लंडन शहरांतील एका लोहाराच्या मुलानें शोधून काढलें. त्याचें नांव मायकेल फॅरडे. त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों, तें त्या विद्यार्थ्याचें ऋण फेडण्यासाठीं. आणि ज्यांच्या घरांत असे प्रश्न विचारणारीं मुलें आहेत, त्या पालकांसाठींहि.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन या वस्तींत झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करीत. परंतु त्यांची प्रकृति नेहमीं खालावलेली असे, आणि हातोडा उचलला गेला नाहीं त्या दिवशीं घरांत पैसा येत नसे. इ.स. १८०१ च्या महागाईंत या कुटुंबावर अशी पाळी आली, कीं नऊ वर्षांच्या मायकेलला आठवडाभर पुरवून खाण्यासाठीं एकच पाव मिळे. लिहिणें, वाचणें व थोडासा हिशेब, एवढीच विद्या त्याला शाळेंत मिळाली. हें कुटुंब सँडेमन यांच्या अनुयायांच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. साधें राहावें, धनाचा सांठा करूं नये व अडल्यानडल्यास मदत करावी, हा त्या मंडळीचा शिरस्ता होता. मायकेलनें तो जन्मभर पाळला, हें पुढें दिसून येईल.

तेराव्या वर्षीं, म्हणजे इ.स. १८०४ सालीं, तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्र ही महागाची वस्तु होती. रीबो तीं वाचावयास भाड्यानें देत. मुलानें तीं घरोघर पोंचवावीं, आणि एका घरीं वाचून झालीं म्हणजे उचलून दुसऱ्या घरीं न्यावीं, असें तें काम होतें. वर्षभर त्यानें तें इतक्या सचोटीनें केलें, कीं दुसऱ्या वर्षीं रीबो यांनीं त्याला फी न घेतां सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणी शिकण्यास ठेवून घेतलें.

पुस्तकें बांधणाऱ्यानें तीं वाचलींच पाहिजेत असें नाहीं. उलट, जो वाचीत बसतो त्याचें काम मागें पडतें. परंतु मायकेलच्या सुदैवानें त्याचा धनी उदार मनाचा होता, आणि काम आटोपल्यावर तो मुलाला वाचूं देई. एके दिवशीं बांधणीसाठीं आलेल्या एका ज्ञानकोशांत मायकेलला विजेवरील लेख सांपडला. पुढें जेन मार्सेट बाईंनीं लिहिलेलें, रसायनशास्त्र संवादरूपानें समजावून देणारें पुस्तक त्याच्या हातीं आलें. वाचलें तें खरें कीं खोटें हें स्वतः करून पाहिल्याखेरीज त्याला चैन पडेना. हातांत दोन पैसे आले कीं तो त्यांचें साहित्य आणी. अर्ध्या पेनीचीं तांब्याचीं नाणीं, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या व त्यांच्यामध्यें मिठाच्या पाण्यांत भिजवलेले कागदाचे तुकडे, अशी चळत रचून त्यानें आपली पहिली बॅटरी तयार केली.

याच सुमारास आयझॅक वॉट्स यांचें मनाची सुधारणा कशी करावी हें सांगणारें पुस्तक त्याच्या वाचनांत आलें. उपासनेचीं गीतें रचणारे म्हणून वॉट्स यांचें नांव आमच्यांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचें आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणें मायकेलनें टिपणवही ठेवण्यास आरंभ केला. व्याख्यानें ऐकावयाचीं, मित्रांशीं पत्रव्यवहार करावयाचा, आणि समजलें नाहीं तें समजलें असें म्हणावयाचें नाहीं, असा नेम धरला. टेटम नांवाच्या गृहस्थांच्या घरीं शास्त्रावर व्याख्यानें होत. त्यांची फी दर वेळीं एक शिलिंग असे. ती देण्याचें सामर्थ्य मायकेलला नव्हतें. त्याचा वडील भाऊ रॉबर्ट लोहारकाम करी. त्यानें आपल्या मजुरींतून ती फी भरली. पालकहो, या चरित्रांतील रॉबर्टचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. आम्हांस मात्र तें घेतल्याशिवाय पुढें जाववत नाहीं.

इ.स. १८१२ सालीं दुकानांत येणाऱ्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याते सर हंफ्री डेव्ही हे त्या काळीं इंग्लंडांतील सर्वांत नांवाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलनें प्रत्येक शब्द टिपून घेतला, घरीं येऊन आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढला, स्वतःच्या हातानें त्याचा सुरेख ग्रंथ बांधला, आणि वर्षअखेरीस नोकरीच्या विनंतीसह तो डेव्ही यांच्याकडे पाठविला. थोड्याच महिन्यांनीं प्रयोगशाळेंतील मदतनीस मारामारीपायीं कामावरून काढला गेला, आणि १ मार्च १८१३ रोजीं ती जागा मायकेलला मिळाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग, राहण्यास माळ्यावरच्या दोन खोल्या. जें कसब पोटासाठीं शिकला, त्याच कसबानें बांधलेल्या वहीनें त्याला विद्येचें दार उघडून दिलें. येथून पुढें आम्हीहि त्याला अहोजाहो म्हणूं.

त्याच वर्षीं डेव्ही हे युरोपच्या प्रवासास निघाले, आणि फॅरडे यांस त्यांच्याबरोबर जावें लागलें. दीड वर्षाच्या त्या प्रवासांत त्यांना अँपियर व व्होल्टा यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ पाहावयास मिळाले; परंतु हलक्या नोकराचीं कामेंहि करावीं लागलीं, आणि डेव्ही यांच्या पत्नीनें त्यांना नोकरासारखेंच वागविलें. एकदां सर्व सोडून घरीं परतावें असें त्यांच्या मनांत येऊन गेलें. तरीहि ते टिकले. कारण जें शिकावयाचें होतें तें त्या वाटेवर होतें.

इ.स. १८२० सालीं डेन्मार्कमधील अर्स्टेड या प्राध्यापकांनीं दाखवून दिलें, कीं तारेंतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला म्हणजे जवळची होकायंत्राची सुई वळते. यावरून विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होतें हें कळलें. पुढच्याच वर्षीं फॅरडे यांनीं पाऱ्याच्या भांड्यांत टांगलेली तार विजेच्या जोरावर लोहचुंबकाभोंवतीं गरगर फिरवून दाखविली. आपल्या जिल्ह्यांतील विहिरींवर चालणाऱ्या विजेच्या मोटारींचें बीज त्या भांड्यांत होतें. याच १८२१ सालीं त्यांचा सेरा बर्नार्ड यांच्याशीं विवाह झाला.

आतां सर्वांपुढें उलटा प्रश्न उभा राहिला. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये? युरोपांतील कित्येक शास्त्रज्ञ या प्रश्नामागें लागले. सर्वांची समजूत अशी, कीं तारेजवळ जोरदार चुंबक ठेवला म्हणजे तारेंतून संथ, अखंड प्रवाह वाहूं लागेल. फॅरडे यांचीहि तीच समजूत होती. त्यांनीं १८२४, १८२५ व १८२८ या सालीं प्रयोग केले. कांहीं घडलें नाहीं, आणि कांहीं घडलें नाहीं असेंच त्यांनीं वहींत लिहून ठेवलें.

येथें जिनीव्हा शहरांतील कोलाडन या तरुण शास्त्रज्ञाची हकीकत सांगणें अवश्य आहे. त्यानें १८२५ सालीं एक मोठें वेटोळें केलें व त्यांत जोरदार चुंबक घालून पाहिला. चुंबकाच्या ओढीनें सुई हलूं नये म्हणून त्यानें सुईचें यंत्र दुसऱ्या खोलींत ठेवलें होतें. चुंबक वेटोळ्यांत घालावा, मग चालत दुसऱ्या खोलींत जावें व सुई पाहावी, असा त्याचा क्रम. तो पोंचेपर्यंत सुई जागच्या जागीं स्वस्थ असे. शोध त्याच्या दोन खोल्यांच्या मधल्या वाटेवर हरवला!

इ.स. १८३१ च्या २९ ऑगस्टचा दिवस उजाडला. फॅरडे यांनीं मऊ लोखंडाचें, सहा इंच व्यासाचें, एक जाडसर कडें घडवून घेतलें होतें. त्याच्या एका बाजूस त्यांनीं तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळले. समोरच्या बाजूस दुसऱ्या तारेचे. वेढे एकमेकांस वा लोखंडास चिकटूं नयेत म्हणून मध्यें सुतळी व कापड घातलें. दोन्ही तारांचा एकमेकींशीं कोठेंहि संबंध नव्हता. दुसऱ्या तारेचीं टोकें जोडून ती त्यांनीं एका चुंबकीय सुईवरून नेली, आणि पहिल्या तारेस बॅटरी लावली.

सुई हलली, पण क्षणभरच. थोडी थरथरून ती परत आपल्या जागीं येऊन थांबली. बॅटरी जोडलेलीच होती, पहिल्या तारेंतून प्रवाह जोरानें वाहत होता, आणि सुई मात्र स्वस्थ! त्यांनीं बॅटरी काढली. सुई पुन्हां एकदां हलली, आणि पुन्हां स्वस्थ झाली.

वाचकहो, त्या क्षणाचा विचार करा. जो मनुष्य सात वर्षें अखंड प्रवाहाची वाट पाहत होता, त्याला एक क्षणिक हिसका दिसला. टेबल हललें असेल, वाऱ्याची झुळूक आली असेल, असें म्हणून त्यास तो सोडून देतां आला असता. फॅरडे यांनीं जें हवें होतें तें लिहिलें नाहीं. जें दिसलें तें लिहिलें. मग त्या हिसक्याचा त्यांनीं पाठलाग सुरू केला. १७ ऑक्टोबरला बॅटरी बाजूस ठेवून त्यांनीं पोकळ वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक सरकविला. चुंबक आंत शिरतांना सुई एकीकडे वळली, बाहेर येतांना दुसरीकडे, आणि चुंबक स्थिर असतां मुळींच नाहीं. २८ ऑक्टोबरला त्यांनीं एका प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरविली. तबकडी फिरे तोंवर प्रवाह वाहत राहिला. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढें त्यांचा निबंध वाचला गेला. नियम इतका साधा होता, कीं तो कोणाच्या ध्यानांत आला नव्हता: चुंबकत्व असण्यानें वीज होत नाहीं, तें बदलण्यानें होते. बदल जितका जलद, तितका विजेचा दाब अधिक.

अकोले तालुक्यांत भंडारदऱ्यास आपल्यांपैकीं पुष्कळ जण सहलीस जाऊन आले आहेत. प्रवरेवरील तें धरण १९२६ सालीं पूर्ण झालें. आज त्या पाण्यावर जीं वीजयंत्रें फिरतात, त्यांत फॅरडे यांच्या तबकडीचाच नियम चालतो: पाण्याच्या जोरानें चाक फिरतें, तारांजवळचें चुंबकत्व सारखें बदलत राहतें, आणि वीज उत्पन्न होते. तारेच्या त्या टोकाला फॅरडे आहेत. या टोकाला, आपल्या घरच्या चार्जरांतहि, तेच कसे आहेत तें आतां पाहूं.

इ.स. १८३४ सालीं विल्यम जेंकिन नांवाच्या गृहस्थांनीं फॅरडे यांस एक चमत्कारिक गोष्ट कळविली. लहान बॅटरीच्या तारा हातांत धरल्या असतां झटका बसत नाहीं. परंतु त्याच बॅटरीला विद्युच्चुंबकाचें वेटोळें जोडून मग तार तोडली, तर तोडणाऱ्याच्या हाताला जोराचा झटका बसतो. फॅरडे यांनीं याचा कसून अभ्यास केला व दाखविलें, कीं तार तुटतांच वेटोळ्यांतील चुंबकत्व एकदम ओसरतें, आणि त्या जलद बदलानें त्याच वेटोळ्यांत मूळच्याहून कितीतरी मोठा दाब क्षणभर उत्पन्न होतो. पुढें १८३६ सालीं आयर्लंडांतील मेनूथ येथील धर्मविद्यालयांत शास्त्र शिकविणाऱ्या निकोलस कॅलन या धर्मगुरूंनीं, एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळीं गुंडाळून, पहिल्यांतला प्रवाह तोडून दुसऱ्यांत मोठ्या दाबाची वीज मिळविली. आणि हातानें तोडजोड करण्यास उशीर लागतो म्हणून पुढच्या वर्षीं तें काम घड्याळाच्या यंत्राकडे सोंपविलें. तोडण्यानें वीज मिळते, या आमच्या विद्यार्थ्याच्या कोड्याचा उलगडा तेथें पुरा झाला.

चार्जर हें त्याच घराण्यांतलें यंत्र आहे. त्याला स्विच मोड पॉवर सप्लाय म्हणतात. म्हणजे तोडजोड करून वीज पुरविणारें साधन. भिंतींतील वीज सेकंदाला ५० वेळां पुढेंमागें होणारी. ती चार्जरांत शिरतांच डायोड नांवाच्या एकेरी झडपा तिला एकाच दिशेस वाहावयास लावतात, व कपॅसिटर तिचा सांठा करतो. या ठिकाणीं दाब सुमारें ३२५ व्होल्ट असतो. हा प्रवाह वेटोळ्यांतून सरळ सोडून दिला, तर फॅरडे यांच्या सुईप्रमाणें पहिल्या क्षणापुरतें काम होईल, आणि पुढें वेटोळें जळून जाईल. म्हणून वाटेंत ट्रँझिस्टर हा द्वारपाळ बसविलेला असतो. तो सेकंदाला साधारणतः पन्नास हजार ते लाखभर वेळां दार उघडतो व लावतो. दार उघडें असतां पहिल्या वेटोळ्यांत प्रवाह वाढत जातो, आणि शक्ति गाभ्याच्या ठिकाणीं चुंबकत्वाच्या रूपानें सांठते. दार लागतांच तें चुंबकत्व ओसरूं लागतें, आणि सांठलेली शक्ति दुसऱ्या वेटोळ्याच्या वाटेनें बाहेर पडते. दुसऱ्याचे वेढे थोडे, म्हणून तेथें दाब थोडा. पुन्हां एक डायोड व एक कपॅसिटर त्या हिसक्यांचा संथ प्रवाह करतात. बाहेरचा दाब बरोबर ५ व्होल्ट आहे कीं नाहीं हें एक लहानसें मंडल सारखें पाहत असतें. दाब घटला तर दार थोडें अधिक वेळ उघडें ठेववितें, वाढला तर लवकर लाववितें. लहान चार्जरांची सर्वसाधारण रचना ही अशी.

इतकी घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. आपल्या भागांत पूर्वीं विहिरींवर मोटा चालत. मोटेचें भांडें मोठें, पण बैलांच्या खेपा थोड्या. रहाटाचीं गाडगीं लहान. पण तीं एकामागून एक येत राहतात, आणि पाट वाहता राहतो. जुन्या रेडिओंतील जड ट्रान्सफॉर्मर ही मोट होती. खेपा सेकंदाला ५०, म्हणून प्रत्येक खेपेचें ओझें मोठें, आणि तें पेलण्यास लोखंडाचा जाड गाभा हवा. चार्जर हा रहाट आहे. खेपा लाखभर, म्हणून प्रत्येक खेपेस गाडगेंभर शक्ति पुरे, आणि गाभा चिंचोक्याएवढा. हा गाभा साध्या लोखंडाचा नसून फेराइट या मातीच्या भांड्यासारख्या भाजलेल्या पदार्थाचा असतो. कारण बदल इतक्या जलद होऊं लागले, कीं भरीव लोखंडांत स्वतःच वीज घुमूं लागते व तें तापतें.

मुलांनो, येथें एक इशारा. भिंतीला जोडलेला चार्जर कधींहि उघडूं नका. आणि काढून ठेवलेल्या चार्जरच्या कपॅसिटरमध्यें देखील प्राणघातक दाब कांहीं काळ राहूं शकतो, हें विसरूं नका. फॅरडे यांचें कडें एका सेलवर तुम्हांला करतां येईल. चार्जर मोठ्या माणसांच्या देखरेखीखालींच पाहावा.

आतां चरित्राचा उरलेला भाग सांगतों. शोध लागला त्या वेळीं फॅरडे यांस कारखानदारांचीं व सरकारचीं पृथक्करणाचीं कामें पुष्कळ येत, आणि त्यांत चांगला पैसा होता. १८३१ नंतर त्यांनीं तीं बहुतेक सोडून दिलीं. संस्थेचा पगार वर्षास १०० पौंड व राहण्यास जागा, एवढ्यावर त्यांनीं कित्येक वर्षें काढलीं. श्रीमंती किंवा शोध यांतून एकच निवडतां येत होतें. त्यांनीं शोध निवडला. त्यांच्या पत्नीनेंहि त्याबद्दल कधीं कुरकुर केल्याचें दिसत नाहीं. मुलेंबाळें त्यांना झालीं नाहींत. परंतु नाताळच्या सुटींत मुलांसाठीं होणाऱ्या व्याख्यानमाला त्यांनीं १९ वेळां चालविल्या, आणि जळत्या मेणबत्तीवर दिलेलीं त्यांचीं व्याख्यानें पुस्तकरूपानें आजहि वाचलीं जातात. आपल्या मंडळीचे ते वडील होते. आजाऱ्यांच्या घरीं जाणें व उपदेश करणें हें त्यांचें नेहमींचें काम असे. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारलें.

दोन उणिवा त्यांना जन्मभर जाचल्या. एक, गणित त्यांना येत नव्हतें. त्यांनीं चुंबकाभोंवतालच्या बलरेषांचीं चित्रें मनांत पाहिलीं व तीं साध्या भाषेंत लिहिलीं. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं त्यांना गणिताचें रूप दिलें, तेव्हां त्या चित्रांची थोरवी जगाला कळली. दुसरी उणीव अधिक दुःखाची. इ.स. १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृति ढासळली आणि स्मृति दगा देऊं लागली. कांहीं वर्षें त्यांना संशोधन जवळजवळ बंद ठेवावें लागलें. परंतु पुस्तकबांधणीच्या दुकानांत लागलेली टिपणवहीची संवय येथें उपयोगी पडली. जें मन विसरे तें वही सांगे. १८३२ पासून त्यांनीं प्रयोगांच्या नोंदींना ओळीनें क्रमांक दिले. ते सोळा हजारांच्या वर गेले. या वहीच्या आधारानें १८४५ सालीं पुन्हां उभे राहून त्यांनीं दाखवून दिलें, कीं चुंबकाचा परिणाम प्रकाशावरहि होतो. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथील घरीं, खुर्चींत बसले असतां, त्यांनीं शांतपणें देह ठेवला. त्यांस लंडनच्या हायगेट येथील स्मशानभूमींत मूठमाती देण्यांत आली.

आतां आमच्या ऋणाची गोष्ट. दिवाळीच्या सुटीनंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें, त्या दिवशींचें उत्तर चुकलें असें त्याच्याजवळ कबूल केलें, आणि शाळेच्या प्रयोगशाळेंत दोघांनीं मिळून एक जाड लोखंडी बोल्ट घेतला. त्यावर इनॅमल दिलेल्या तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यास प्रयोगशाळेंतील सुईचें यंत्र, म्हणजे गॅल्व्हानोमीटर, लावलें. दुसऱ्यास एक सेल. मग आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सेल जोडला, तार नीट बसली आहे ना हें वांकून पाहिलें, आणि मान वर करून सुईकडे नजर टाकली. सुई शून्यावर! पुन्हां केलें, पुन्हां शून्य. वीस वर्षें हा पाठ शिकविणारे आम्ही कोलाडनची चूक स्वतःच्या हातानें करीत होतों, आणि तें आमच्या लक्षांतहि आलें नव्हतें.

तो मुलगाच म्हणाला, कीं तार तुम्ही जोडा, मी सुईकडे पाहतों. आम्हीं जोडली. त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हांस कळलें, कीं सुई हलली.

त्यानें आपल्या वहींत त्या दिवसाची तारीख घातली, सुई किती घरें हलली तें लिहिलें, आणि आमची चूकहि लिहिली. ती खोडूं नये असें आम्हीं त्यास सांगितलें आहे. पालकहो, आपल्या मुलानें बिघडलेली वस्तु उघडून प्रश्न विचारला, तर तिचा वीजेशीं संबंध तोडला आहे एवढें आधीं पाहा. मग त्याला एक वही द्या, आणि जमल्यास रॉबर्टप्रमाणें एखादा शिलिंगहि.